नऊ जणांचं आख्यान

कीर्तन ऐन रंगात आलं होतं. चिपळ्यांच्या ठेक्यावर अनसूयाताई एकाहत्तरच्या लढाईचं आख्यान सांगत होत्या, "आणि आपला एकटा जवान गर्जना करत डोंगर चढला..."

खांबाशी बसलेले दौलतबाबा निकम उठले. जुने फौजी, पण लढाईबद्दल कधी बोलले नव्हते. "माफी असावी ताई, तसं नव्हतं. आम्हांला तिथं खोकायचीसुद्धा बंदी होती."

"कीर्तनात मध्येच बोलतात का?" पेटीवाले पुटपुटले. ताईंचा चेहरा मात्र उतरला. आख्यान त्यांनी सिनेमा पाहून रचलं होतं.

पुढच्या रांगेतल्या, मोबाइलवर लढाईचा गेम खेळणाऱ्या मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही किती मारले?"

"एकही नाही, बाळ. मी जखमी उचलायचो. त्या डोंगरावरून नऊ जण खाली आणले."

"नावं आठवतात?" ताईंनी विचारलं.

"रोज देवपूजेनंतर घेतो की."

ताईंनी गादीवरूनच श्रोत्यांना हात जोडले. "माझं चुकलं, मंडळी. खरं आख्यान बाबांपाशी आहे. बाबा, इथं माझ्या शेजारी या. तुम्ही नाव सांगा, मी ओवीत गुंफते."

बाबा एकेक नाव, गाव सांगत गेले आणि ताई गात गेल्या. पेटीवाल्यांनीही सूर धरला. नववं नाव घेताना बाबा थांबले.

"हा वाटेतच गेला. पण खाली आणला."

त्या शब्दांना ताईंनी चाल लावली नाही. जसेच्या तसे उच्चारले, आणि सगळं देऊळ उठून उभं राहिलं.