चवीपुरतं मीठ

झाकण उघडून इस्त्रीवालीने रस्सा चाखला आणि तिच्या काळजात धस्स झालं. रस्सा झकास झाला होता.

परवा लॉन्ड्रीत ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला, काम गेलं, घरची चूल थंडावली. कसेबसे दोन दिवस पावावर काढले. आज भिंगरी स्वयंपाकाला उभी राहिली. भिंगरी म्हणजे तिची मुलगी. एका जागी टिकत नाही म्हणून पडलेलं नाव. आजवर इस्त्रीवालीने तिला गॅसपाशी फिरकू दिलं नव्हतं. "पोरीला जरा वळण लावा," असं शेजारणी म्हणाल्या की ती "लावू की," म्हणायची आणि पोरीला स्क्रू ड्रायव्हर देऊन बिघडलेल्या पंख्यापुढे बसवायची.

आणि ही बया नुसतं बघून बघून शिकली होती. बटाटे शिजले होते पण मोडले नव्हते. तिखट बेताचं. भात मोकळा.

उद्या सकाळी भिंगरीचा फ्रिज दुरुस्तीचा कोर्स सुरू होणार होता. पहिल्या दिवशी आली नाहीस तर जागा दुसऱ्याला, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. नवऱ्याने मात्र अजून हो म्हटलं नव्हतं. "तुझा हात असा. घरचं कोण बघणार?" एवढंच तो सकाळी बोलला होता. माणूस वाईट नव्हता. दिवसभर भिंती रंगवायचा, कमाई घरात द्यायचा, आवाज चढवायचा नाही. पण समोर येणारं आयतं ताट येतं कुठून, हा प्रश्न त्याला जन्मात पडला नव्हता. हा रस्सा त्याच्या जिभेला लागला की संपलंच. म्हणेल, आई बरी होईपर्यंत राहू दे हिला घरी.

हे 'बरी होईपर्यंत' तिला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी तिची आई आजारी पडली, तेव्हा तिलाही चारच दिवस शाळेतून काढलं होतं. ते चार दिवस अजून चालू होते. पहाटे पाणी भरा, निवडा, चिरा, रांधा, कामावर पळा, येताना भाजी घ्या, पुन्हा रांधा, भांडी घासा, उद्याचं भिजत घाला. यात हातात पुस्तक धरायला कधी सवड झालीच नाही. पोरीचं असं होऊ द्यायचं नव्हतं.

भिंगरी बाहेरच्या नळावर हात धुवायला गेली. इस्त्रीवालीने डाव्या हाताने मिठाचा डबा ओढला, मूठभर मीठ रश्शात टाकलं आणि ढवळलं. अन्नाचा कण वाया जाऊ न देणारी बाई ती. तिला स्वतःची लाज वाटली.

नवरा जेवायला बसला. पहिला घास तोंडात गेला आणि त्याने तांब्याच तोंडाला लावला. भिंगरीने घाईने आपल्या पानातलं चाखलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी तर बेतानंच घातलं होतं," ती पुटपुटली.

"अहो, हिला नाही जमायचं हे," इस्त्रीवाली लगबगीने म्हणाली. "हिचा सगळा जीव त्या स्क्रू ड्रायव्हरात. जाऊ दे तिला उद्या. मी शेजारच्या काकूंना विचारलंय, दोन्ही वेळचं त्या करून देतील."

नवऱ्याने भातात पाणी कालवून पानातलं सगळं संपवलं. टाकलं असतं तर पोरीला वाईट वाटलं असतं. मग त्याने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नकोस गं. तुझी नाही, आमचीच चूक. तुला काही शिकवलंच नाही. कोर्स काय, पुढच्या वर्षीही असतो. आता आई घरीच आहे, तर तिच्या हाताखाली नीट शिकून घे सगळं."

मीठ मी घातलं, हे इस्त्रीवालीच्या अगदी ओठांवर आलं. पण मग पोरीचा स्वयंपाक झकास झाला होता, हेही सांगावं लागलं असतं. तिने तोंड मिटलं.

भिंगरीने ओढणीने डोळे पुसले.

"आई," ती म्हणाली, "उद्या पहाटे तू उठशील तेव्हा मलाही उठव."