वेळेची शिस्त

मीटिंगा कमी कशा करायच्या, यावरची मीटिंग दुसऱ्या तासात शिरली तेव्हा तिने टेबलाखाली हळूच फोन पाहिला. दिवसभर बाबांना सांभाळणाऱ्या मावशींचा निरोप होता. तुमची वाट बघून जेवले. गोळी दिलीय, झोपतील आता.

"फोन नको गं," टीम लीड म्हणाला. "एकदा लक्ष तुटलं की परत जुळायला वेळ लागतो. तो मी कुणाच्या नावावर टाकू?"

त्याला सगळे टायमर म्हणत, अर्थात पाठीमागे. दर अर्ध्या तासात कुणी काय केलं ते त्याच्या फळ्यावर रंगांत दिसायचं. कोड लिहिला तर हिरवा, बाकी कशातही वेळ गेला तर पिवळा. टीममधल्या प्रोग्रामरांत सगळ्यात हिरवी तीच होती. त्यामुळे इतरांची उरलेली कामं संध्याकाळी तिच्याकडे सरकत.

"सर, मला जरा लवकर निघायचं होतं," तिने एकदा विचारून पाहिलं होतं.

"मग लवकर संपव ना. अडवलंय कुणी?"

तिने लवकर संपवलं. त्याने आणखी दिलं.

बाबांना मेंदूचा झटका आला होता. हातपाय वाचले, शब्द गेले. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस खिडकीला 'पाणी' म्हणायचा, दिव्यालाही 'पाणी' म्हणायचा, आणि चुकलं हे कळून मान खाली घालायचा. स्पीच थेरपिस्टने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "रोज संध्याकाळी घरच्या माणसाने समोर बसून बोलायला लावायचं. माझा आठवड्यातला एक तास पुरणार नाही. झटक्यानंतरचं हे पहिलं वर्ष हातचं गेलं, तर पुढे मलाही फार काही करता येणार नाही."

वर्षातले पाच महिने गेले होते.

"दुसरीकडे बघ की," शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली.

"मुलाखती कधी देऊ? इथे पाणी प्यायला उठलं तरी फळा पिवळा होतो."

"लाल तास कशाला आहे मग?"

लाल तास हा टायमरचाच शोध. दिवसातला एक तास कॅलेंडरवर लाल करून ठेवायचा. त्या तासात त्या माणसाला कुणी हाकही मारायची नाही. टायमर स्वतःसुद्धा हा नियम काटेकोर पाळायचा.

"आणि नीट ऐक," टेस्टर म्हणाली. "जुन्या साहेबाबद्दल एक शब्दही वाकडा काढायचा नाही. मी काढला होता. म्हणून तर अजून इथे सडतेय."

तिने पुढच्या गुरुवारचा तास लाल केला आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन मुलाखत दिली.

पडद्यावरच्या बाई नव्या कंपनीच्या प्रमुख होत्या. आवाज मऊ होता, घाई कशाचीच नव्हती. तांत्रिक प्रश्न संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे सहाला घरी जातात. कामं मात्र लांबतात, हेही सांगून टाकते. तुमचं एकही काम उशिरा गेलेलं दिसत नाही. हे कसं जमवता?"

"सवय आहे."

"कुणी लावली?"

तिला टेस्टरचे शब्द आठवले. "आमच्या सरांनी," ती म्हणाली. "वेळेची शिस्त त्यांच्याकडूनच शिकले."

"हो? कसे आहेत ते?"

हा सापळा तिने ओळखला. ती आणखी गोड झाली. टीमचा प्रत्येक अर्धा तास सरांना ठाऊक असतो, म्हणाली. माणसाकडून किती काम निघू शकतं ते त्या माणसाच्याही आधी त्यांना कळतं, म्हणाली. यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त आवाजात कौतुक घालायचं होतं, तेवढं तिने घातलं.

बाई मन लावून ऐकत होत्या.

पुढच्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं. एक अट होती, दोन वर्षं सोडता येणार नाही. "दोन काय, वीस लिहा म्हणावं," टेस्टर म्हणाली. तिने हसत सही करून टाकली.

राजीनामा द्यायला ती तयारीनेच गेली. टायमर तासभर समजावणार, घासाघीस करणार, बाबांचं निघालं तर त्यावरही उपाय सुचवणार. पण त्याने पत्र वाचलं, नीट घडी केली आणि म्हणाला, "जा. तुझ्या कामाची कदर होईल तिथे."

"एवढ्यावर सोडलं?" टेस्टरला पटेना. "टायमरचा सेल संपला वाटतं."

नोटिशीचे दोन महिने सरले. शेवटचे काही दिवस टायमर रजेवर होता, त्यामुळे तिचा निरोप अगदी हसतखेळत झाला. घरी तिने बाबांच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची आणून ठेवली.

"बाबा, सोमवारपासून संध्याकाळी मी इथे. मग बघू शब्द कुठे पळतात ते."

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. "ये," ते म्हणाले.

पाच महिन्यांत, आणि वर दोन, त्यांनी उच्चारलेला तो पहिला नवा शब्द होता.

सोमवारी नव्या ऑफिसच्या दारातच बाई भेटल्या. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमचे आभार मानायचेत मला. त्या दिवशी तुम्ही बोलत होतात ना, तेव्हाच ठरवलं होतं, आमची घडी बसवायला असाच माणूस हवा. कुणाला कळू न देता दोन महिने मी त्यांच्या मागे लागले होते, गेल्या आठवड्यात ते रुजू झाले एकदाचे. चला ना, वाट बघतायत. तुमच्या सरांनी टीममध्ये पहिलं नाव तुमचंच मागून घेतलंय."