अण्णांची आरामखुर्ची

परवा मेलबर्नला निघायचं होतं आणि घरात विकायची फक्त माझ्या वडिलांची, अण्णांची, आरामखुर्ची उरली होती. आधीच्या दोन गिऱ्हाइकांना मी ती विकली गेल्याचं खोटंच सांगितलं होतं. आज सत्तरीतलं एक जोडपं आलं.

"बसून बघू का?" आजोबांनी विचारलं. बसले, पाय ताणले आणि वेत नवा आहे हे मी सांगेपर्यंत झोपले.

"अहो, उठा! लोकांच्या घरी आलोय आपण." आजी ओशाळल्या.

"राहू द्या," मी म्हणाले. खोक्यांना चिकटपट्टी लावणं थांबवलं, कारण तिचा फार आवाज होतो. अण्णा गेल्यापासून या घरात आवाजाची काळजी घ्यावी लागली नव्हती.

"खुर्ची पसंत आहे म्हणायची," आजी कुजबुजल्या. "आता घोरतीलसुद्धा."

ते घोरू लागले. अण्णांचं घोरणं मधेच थांबायचं आणि पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत मी शेजारच्या खोलीत जागी असायचे. आजोबांचं मात्र एका लयीत चाललं होतं.

मी गॅलरीत जाऊन टेम्पोवाल्याला खुर्ची न्यायला बोलावलं. तासाभराने या, म्हटलं.