तीस तासांचा केर

घरचं माणूस प्रवासाला गेलं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही, हा जांबोटीच्या मनुबाईंचा नेम. टोरांटोत राहणारी सून नीलम हसायची, "आई, इथं यायला तीस तास लागतात. तोवर केर तसाच?"

"तसाच."

यंदा नातवाला बघून मनुबाई एकट्याच परतल्या. तीन विमानं, मग जांबोटीची बस. घरात शिरताच त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "पोचले गं."

नीलमच्या मागं फरशीभर चुरमुरे सांडलेले. एरवी दिवसातून दोनदा घर पुसणारी पोर!

"नीलम, बरं न्हाय काय गं तुला?"

"बरी आहे, आई." नीलमनं आत हाक मारली, "अहो, आई पोचल्या. झाडू आणा आता!"

मनुबाईंनी फोन देव्हाऱ्यात टेकवला आणि हात जोडले.