फितुराचं नाव

"आवं आत्या, एक नाव तेवढं सांगा!" कृष्णातनं पुन्हा विचारलं.

राहीबाई दगडांवरचा पाला झाडत राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंडात मिश्री. घाई म्हणून नाहीच.

पलटणीतून पेन्शनीवर आलेला कृष्णात माण तालुक्यातून एसट्या बदलत या वाडीच्या माळावर आला होता. तीस साली जंगलाच्या दंगलीत गोऱ्या साहेबाच्या पोलिसांनी इथं पाच रामोशी गोळ्या घालून मारले. त्यात त्याचा बाप होता. तेव्हा कृष्णात आईच्या पोटात होता. आता बापाच्या नावाच्या दगडावर नारळ वाहून झाला, डोकं टेकवून झालं. राहिलं होतं ते पोलिसांना खबर देणाऱ्या फितुराचं नाव. मरताना आई म्हणाली होती, "त्याच्या दारात जा. आमचं काय चुकलं, एवढं इचार."

गाव तर तोंडात गुळणी धरून बसलेलं. जो तो म्हणे, राहीबाईला विचार. आणि ही म्हातारी ताकास तूर लागू देईना.

"पोरं किती रं तुला?"

"तीन. नाव सांगा."

"बायकू नीट नांदतीया न्हवं?"

"नांदतीया! आत्या, मी सोयरीक जुळवाय आलो न्हाई!"

"तापू नगंस. बापावर गेलायस. आकारामबी असाच, चुलीवर ठेवायच्या आधी उकळायचा." तिनं शेजारच्या दगडावर हात फिरवला. "आन् ह्यो गुंडा. माझा पाठचा भाऊ. मिसरूड फुटलं नव्हतं."

बाकीच्या तिघांची नावंही तिनं घडाघडा सांगितली.

"मग सहावंच का अडतंय?" कृष्णात वैतागला. "मेला का त्यो?"

"न्हाई. दोन येळा जेवतुय."

"त्याचं भ्या वाटतंय?"

"ह्या वयात कशाचं भ्या, गड्या?"

"मग पांघरूण घालताय! सख्ख्या भावाच्या रक्तावर!"

राहीबाईचा हात थांबला.

"सांगत न्हाई, आसं कवा म्हनले मी?" ती म्हणाली. "नुसतं घेता येत न्हाई, बाबा."

ती गुडघ्यावर हात देत उठली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला, मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाली,

"सोन्याच्या समईला रेशमाच्या वाती,
हंबीररावांचं नाव घेते, भावाची ज्यांनी केली माती."