कुलरसमोरचा उजेड

केसाहून बारीक काचेतून प्रकाश कसा पुढे सरकतो, याचं गणित आयुषचा कॉम्प्युटर अकरा दिवसांपासून पावलापावलानं करत होता. तो तापून बंद पडू नये म्हणून नागपूरच्या ऐन मे महिन्यात घरातला एकुलता एक कुलर त्याच्याकडे तोंड करून ठेवला होता. उद्या उत्तर दिलं नाही, तर सहा वर्षांची पीएच.डी. रद्द होणार होती.

"पोहोचला काय गा तुझा उजेड?" घामानं निथळत बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. गणितात काचेच्या टोकावर त्याले बाहेर जायची सोयच ठेवायची राहिली माझ्याच्यानं. भिंतीले आदळून पुरा वापस आला."

बाबांनी कुलरमध्ये अजून एक बादली पाणी ओतलं.

"येऊ दे. तू बी तं बंगलोरच्या नोकरीवरून नवव्या दिवशी वापस आला होता. आम्ही काही म्हटलं काय तुले?"