गार भट्टीतली पिल्लं

इजिप्तमधल्या फय्यूमच्या एका गल्लीत नबाविया गच्चीवर बसून कोंबडीच्या पिल्लाची पिळवटलेली मान बोटांनी सरळ धरत होती, चोचीत औषधाचा थेंब सोडत होती. तीन पिल्लं लोळली होती, सदतीस अजून धडधाकट होती.

"अगं ए, जनावरांचे सरकारी डॉक्टर आलेत!" शेजारची इन्शिराह खालून ओरडली.

मागच्या साथीत ह्याच लोकांनी नबावियाच्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या होत्या. तिनं पिल्लं भराभरा भाकरीच्या गार भट्टीत कोंबली अन् खाली येऊन दारात ठाण मांडलं. "आमच्यात कोंबडीचं पीसही नाही बाबा. एकुलत्या पोराच्या गळ्याची शपथ!"

"बरं मावशी," डॉक्टर पेटी मिटत म्हणाला. "मान वाकडी करणाऱ्या रोगाची लस होती, फुकट. आजचा शेवटचा दिवस."



"थांब" म्हणायला नबावियानं तोंड उघडलं, पण शपथ पोराची घातली होती.